पुसू नका, साडेतीनपर्यंत

सोमवार, ४ मार्च

ऑफिसची लॉगबुक इंग्लिशमध्ये लिहायची असते आणि तिथे "आज माझी पुरती वाट लागली" असं लिहिता येत नाही. म्हणून ही वही. मराठीत माझे ऱ्हस्व-दीर्घ बोंबलतात, पण वाचणार कोण? मीच.

वाट का लागली ते लिहिते. आमचं छोटं रेडिओ केंद्र रोज दुपारी तीन ते चार, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांच्या घरी पुस्तक पाठवतं. रोज एक प्रकरण. वाचनताई ते सकाळी वाचून रेकॉर्ड करतात, मी त्याचे चाळीस तुकडे करते आणि हवेत सोडते. घरोघरी आमचे खोके आहेत, टोस्टरएवढे, ते तुकडे पकडतात आणि काय मिळालं ते केंद्राला उलट कळवतात. एकसष्ट खोके. कुणाच्या घराशेजारी उंच बिल्डिंग, कुणाकडे मिक्सर चालू, त्यामुळे प्रत्येकाचे दोन-चार तुकडे गळतात. प्रत्येकाचे वेगळे. पहिल्या वीस मिनिटांत सगळे तुकडे जातात आणि उरलेली चाळीस मिनिटं आम्ही गळलेले परत पाठवत बसतो.

आज साहेबांनी बोलावलं. "एक एप्रिलपासून तुम्हाला अर्धाच तास."

मी म्हणाले, "सर, अर्ध्या तासात सगळ्यांना पूर्ण प्रकरण नाही मिळणार."

"मग अर्धवट गोष्ट ऐकवून काय करायचं? बंद करू. वरचे तेच म्हणतायत." मग जरा मऊ आवाजात, "एकोणतीस तारखेला चाचणी घेऊ. साडेतीनच्या ठोक्याला एकसष्टपैकी एकसष्ट पूर्ण, तर चालू. साठ असले तरी मी काही करू शकत नाही."

बाहेर वाचनताई गरम पाणी पीत उभ्या होत्या. अकरा वर्षं वाचतायत त्या. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले पंचवीस. "मग आजचं प्रकरण तर वाचून टाकू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बुधवार, ६ मार्च

मला माहीत आहे काय करायचं!! कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हेच शिकले होते आणि तेव्हा वाटलं होतं की हे परीक्षेपलीकडे कशालाच उपयोगी नाही.

ताईंना सांगायला गेले तर त्यांच्या डोक्यावरून गेलं. मग मी कागद घेतला. "समजा तुमच्याकडे पाच आहे आणि तुम्हाला सात हवाय. दुसऱ्या कुणाकडे सात आहे आणि त्याला पाच हवाय. मी दोघांना वेगवेगळं सांगत बसले तर दोनदा बोलावं लागेल. त्यापेक्षा मी एकदाच ओरडते, बारा! तुम्ही बारातून पाच काढा, तुम्हाला सात मिळाले. तो सात काढेल, त्याला पाच. तुकड्यांचंही असंच मिश्रण करता येतं. एकदा पाठवायचं, ज्याच्याकडे जे आहे ते त्याने वजा करायचं."

ताईंनी बोटांवर बारातून पाच काढून बघितले. मग हसत सुटल्या. "अगं, हे तर आमच्या आत्या करायच्या! जेवायला बसलं की एकच वाक्य टाकायच्या. तिघी जावांना आपापलं वेगळं लागायचं, आणि पाहुण्यांना वाटायचं भाजीबद्दल बोलतायत."

अगदी तेच! ज्याला जे आधीपासून माहीत, त्यानुसार त्याला कळणार.

हिशेब केला. वीस मिनिटांत सगळे तुकडे, उरलेल्या दहात वीस मिश्रणं बसतात. मला पंधरा पुरतील. आईला सांगितलं तर म्हणाली, "पंधरा पुरतील म्हणतेस तर जेव आता."

शुक्रवार, ८ मार्च

काम बाजूला आणि फोन घेणं चालू. फोन मीच घेते, कारण दुसरं कोणी नाही.

एकांनी फोन केला, आवाज एकदम खणखणीत. "मुली, एकोणसाठ बोलतोय. आज शेवटचा तुकडा आला नाही. ताई आहेत का?"

मी लिहून घेतलं, खोका ६९. ताईंना चिठ्ठी दिली. "एकसष्टच खोके आहेत पोरी. एकोणसत्तरावा तू कुठून आणलास?" एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन. हे "एकोण" प्रकरण मला शाळेत कुणी नीट सांगितलंच नाही. पुढचा आकडा धरायचा आणि त्यातून एक कमी करायचा, हे माणसांनी का करावं? तरी वजाबाकीच आहे म्हणून माफ.

एकोणसाठ म्हणजे प्रूफकाका. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, आता दिसत नाही. एकटे राहतात. ताईंनी एखादा शब्द चुकून गिळला तरी त्यांना कळतो. त्यांचा एखादा तुकडा गळला की ताई तो फोनवरून वाचून दाखवतात. म्हणजे दर दिवसाआड. फोन करण्याआधी ताई गरम पाणी पितात, रेकॉर्डिंगच्या आधी पितात तसंच. इतकं प्रोफेशनल असावं माणसाने.

पण हा त्रास आता वाचेल. मिश्रण चाललं की काकांचा तुकडा गळणारच नाही. ताईंचा दर वेळचा अर्धा तास वाचेल.

मंगळवार, १२ मार्च

ऑफिसात पाच खोके टेबलावर मांडले, त्यांच्यावर फॉइल गुंडाळून मुद्दाम तुकडे गाळले आणि मिश्रणं सोडली. पाचही पूर्ण! सात मिश्रणांत! मी इतक्या जोरात ओरडले की साहेब आले. त्यांनी घड्याळ बघितलं, खोक्यांवरचं फॉइल बघितलं, आणि "जेवणाचे डबे आहेत का?" विचारून गेले.

उद्या खऱ्या एकसष्टांवर.

बुधवार, १३ मार्च

तोंडघशी पडले.

तीन एकतीसपासून फोन वाजतोय. एक मावशी म्हणाल्या, "चाळणीतून कुणी वाळू ओततंय असं येतंय गं." एकांनी विचारलं ताईंची तब्येत बरी आहे का. चौतीस खोक्यांत खरखर! सत्तावीस ठीक.

आणि विचित्र म्हणजे खरखर कुणाकडे? जे सगळ्यात शिस्तीचे आहेत त्यांच्याकडे. तीनच्या ठोक्याला खोक्यापाशी बसणारे, कधी तक्रार न करणारे. जे विसरभोळे, खोका चालू करून झोपतात, त्यांच्याकडे सगळं छान आलं. एका आजीने तर खोका फ्रीजवर ठेवून दिवसभर हातच लावला नव्हता. तिच्याकडे चाळीसच्या चाळीस.

माझ्या तक्त्यात सगळं बरोबर आहे. ज्या तुकड्यांसमोर "मिळालं" आहे, तेच धरून मी मिश्रणं केली. मग वजा का होत नाही?

ताई म्हणाल्या, "होईल." मी बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडले. मग तोंड धुऊन प्रत्येकाला फोन करून माफी मागितली. प्रूफकाका म्हणाले, "मुली, वाळूत एकही चूक सापडली नाही." त्यांना हसू येत होतं. मला नाही.

शुक्रवार, १५ मार्च

दोन दिवस हेच. मिश्रणं तपासली, अँटेना तपासला, स्वतःला तपासलं. नोकरी लागून पाचच महिने झालेत, हे सारखं मनात येतं.

आज संध्याकाळी आईच्या लाँड्रीत गेले. ती काउंटरवर बसते. एक बाई तावातावाने म्हणत होत्या, "तुमच्या वहीत माझा कोट 'आले' लिहिलाय ना? मग काढा ना!"

आई शांतपणे म्हणाली, "आले लिहिलंय म्हणजे आला होता. मंगळवारी तुमचे मिस्टर घेऊन गेले. आले म्हणजे हँगरला आहे असं नाही होत ताई."

बाई गेल्या. मी तिथेच उभी. आई म्हणाली, "तुला काय झालं? चेहरा का असा?"

मी विचारलं, "आई, मिळालं म्हणजे आहेच असं नाही?"

"मिळालेलं सगळं राहिलं असतं तर तुझ्या दोन छत्र्या कुठायत?"

मी धावत ऑफिसला गेले. खोका दोन याद्या ठेवतो. एक, काय काय मिळालं. दुसरी, आत्ता काय काय आहे. मी पहिली घेतली होती कारण ती आधी येते!!! आणि दुसरीत त्या चौतीस जणांकडे जवळजवळ काहीच नव्हतं. चाळीसपैकी दोन, तीन, पाच. बाकी सगळं पुसलेलं. स्वतःच्या हाताने.

शनिवार, १६ मार्च

ताईंना विचारलं, हे लोक का पुसतात? ताईंनी मशीन चालू केलं. मग कालच्या प्रकरणाचा शेवट लावला. त्यांचाच आवाज: "आजचं वाचन इथे संपलं. ऐकलं की पुसा, पुढच्याला जागा करा."

अकरा वर्षांपूर्वी पहिल्या खोक्यांत दहाच तुकडे मावायचे. म्हणून ताईंनी हे वाक्य सुरू केलं. नंतर खोके मोठे झाले, वाक्य तसंच राहिलं. लोक तुकडा ऐकतात आणि लगेच पुसाचं बटण दाबतात. शिस्तीचे लोक. ताईंचं ऐकणारे लोक.

"म्हणजे माझ्यामुळे," ताई म्हणाल्या.

"नाही ताई, माझ्यामुळे. मी मिळालं आणि आहे यात गोंधळ केला."

"अगं, तुला पाच महिने झाले. मी अकरा वर्षं रोज सांगतेय."

आम्ही दोघी बराच वेळ "माझ्यामुळे, माझ्यामुळे" करत बसलो. शेवटी दोष अर्धा अर्धा वाटून घेतला.

सोमवार, १८ मार्च

वाक्य बदलणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मी लिहून दिलं, "कृपया डेटा डिलीट करू नये." ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे काय इलेक्ट्रिसिटी बोर्ड आहे?"

सतरा वेळा लिहिलं, सतरा वेळा खोडलं. त्यांना भीती अशी की पुसू नका म्हटलं तर लोकांना वाटेल आपण इतकी वर्षं चुकत होतो. शेवटी त्यांनी माझा कागद बाजूला सारला, माइकसमोर बसल्या आणि एका दमात म्हणाल्या:

"इतकी वर्षं तुम्ही पुसून जागा केलीत, तशीच आता थोडा वेळ ठेवून करा. साडेतीनपर्यंत पुसू नका. तुमच्याकडे जे असेल, त्याच्या जोरावर मला एका दमात दोघा-तिघांना सांगता येतं."

मी सहा पानांत जे सांगते ते तीन वाक्यांत. मी सकाळपासून त्यावर जळतेय.

शुक्रवार, २२ मार्च

बावन्न पूर्ण! बुधवारी एक्केचाळीस होते, काल सत्तेचाळीस. आता मी "आहे"ची यादी मागवते, आणि लोकांनी खरंच हात आवरलाय. एक आजोबा म्हणाले, "बटणाकडे बोट जातं आपोआप, म्हणून हातावर बसतो."

मंगळवार, २६ मार्च

साठ!!!! चौदा मिश्रणांत!

एकच राहिला. एकोणसाठ. (आता मी चुकत नाही.)

प्रूफकाकांच्या खोक्यात रोज चाळीस मिळालेले आणि एकोणचाळीस असलेले. रोज एकच तुकडा जातो. काल अडतिसावा, आज एकविसावा. मी फोन केला. "काका, तुम्ही पुसलं का?"

"छे छे. आपोआप गेला. यंत्र आहे, जायचंच. ताई आहेत का?"

साहेबांना विचारलं, एका खोक्याचा दोष चाचणीत धरणार का? म्हणाले, "एकसष्ट म्हणजे एकसष्ट."

बुधवार, २७ मार्च

काकांचा खोका बदलून आले. नवा कोरा. त्यांची खोली अगदी नीटनेटकी, खोक्यासमोर दोन खुर्च्या. चहा दिला त्यांनी, एक थेंब न सांडता.

दुपारी ऑफिसात मी स्क्रीनवर त्यांच्या खोक्याची यादी बघत होते. तीन बावीसला एकोणिसावा तुकडा खोक्यातून गेला. मी तो ज्यात आहे असं एक मिश्रण जास्तीचं सोडलं. आला. चाळीस! आणि अर्ध्या मिनिटात परत गेला. परत सोडलं. आला. गेला. नवा खोका, तोच दोष!

आता माझा अंदाज असा. गेलेले सगळे तुकडे काढून ऐकले, तर दरवेळी तोच तुकडा जातो ज्यात ताई वेगवेगळी माणसं आवाज बदलून करतात. एकोणिसाव्यात म्हातारा, त्याची बायको आणि पोपट आहेत. म्हणजे आवाजातल्या जास्त चढ-उतारामुळे मेमरीत काहीतरी बिघडतंय. आजवर असं कुणी नोंदवलेलं नाही. असेल तर मोठीच गोष्ट आहे!

ताईंना हे सगळं सांगितलं. "दरवेळी तसाच तुकडा?" त्यांनी विचारलं.

"दरवेळी."

"पोपटाचासुद्धा?"

"पोपट तर तीनदा गेला, ताई."

ताई खिडकीकडे वळल्या. मला वाटलं चिडल्या, पण कान लाल झाले होते. "तू काळजी करू नको," म्हणाल्या. "एकोणसाठचं मी बघते."

कसं बघणार? त्यांना साधा रीसेटही माहीत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम लिहीन.

दोन वाजता ताई नाहीत. रेकॉर्डिंग सकाळीच करून ठेवलेलं, त्यामुळे अडलं काही नाही, पण चाचणीच्या दिवशी कुणी जातं का? टेबलावर चिठ्ठी: "एकोणसाठला सिग्नल बघायला जाते." माझं तर धाबंच दणाणलं. ताईंनी तिथे जाऊन खोक्याला हात लावला तर?

तीन वाजता साहेब खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. त्यांचं घड्याळ टिकटिक करतं, हे मला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

तीन वीस. चाळीसही तुकडे गेले. याद्या आल्या. बत्तीस तुकडे कुणाला ना कुणाला हवे. मिश्रणं सुरू. सव्वीस पूर्ण. चाळीस. एक्कावन्न. तीन सव्वीसला साठ.

राहिला तो एकोणसाठ नव्हताच! एकोणसाठकडे तीन वीसलाच चाळीस होते आणि ते जागचे हलत नव्हते. राहिल्या होत्या फ्रीजवाल्या आजी. आज त्यांनी खोका खाली घेऊन जवळ ठेवलेला, बरोबर आज, चाचणी आहे म्हणून! आणि शेजारी मिक्सर. तीन तुकडे कमी. मी तिन्हींची मिश्रणं परत सोडली. एक आला. दुसरा आला. तीन अठ्ठावीस. फोन केला, "आजी, मिक्सर!" आजी म्हणाल्या, "अगं हो हो," आणि फोन तसाच ठेवून गेल्या. मला त्यांच्या सपातांचा आवाज येत होता. मग शांतता. मी शेवटचं मिश्रण सोडलं.

एकसष्ट. तीन एकोणतीस आणि काही सेकंद.

साहेब उठले. माझ्या कागदावर सही केली. "हे बारा वजा पाच वगैरे ताईंनी मला समजावलंय," म्हणाले. "आत्यांच्या उदाहरणासकट." आणि मग, "चांगलं केलंस." मला एकेरी हाक त्यांनी आज पहिल्यांदा मारली.

मी एकटीच उड्या मारल्या. ताईंना फोन लावला, उचललाच नाही. प्रूफकाकांनाही लावला. एंगेज नाही, नुसती रिंग. एकोणसाठमध्ये दोन माणसं आणि फोनला एकही नाही.

सोमवार, १ एप्रिल

अर्धा तास सुरू झाला. एकसष्ट, तीन अठ्ठावीसला. आईने लाँड्रीतल्या सगळ्यांना सांगितलंय की तिच्या कोटामुळे रेडिओ वाचला. सांगू दे.

साडेतीन ते चार रिकामे! या वेळात करायचं काय हेच कळत नाही. मी टेबल पुसलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

काल एकोणसाठचे चाळीसच्या चाळीस राहिले. काल ताई तिकडे गेल्या होत्या. आज गेल्या नाहीत, तर सव्विसावा तुकडा गायब. आता अर्धा तास वाचवायचा ताण नाही, साहेबही रोज मोजत नाहीत, पण मला चैन पडत नाही. ताई गेल्या की खोका ठीक, नाही गेल्या की बिघाड. खोलीत माणूस वाढला की सिग्नल सुधारतो? उलट व्हायला हवं!

गुरुवार, ११ एप्रिल

ताई आता दर गुरुवारी जातात. दोन वाजताच निघतात, बसने, बरोबर पुस्तक असतं. मला वाईट वाटलं. या वयात केवळ आमच्या खोक्यासाठी इतक्या लांब. म्हणून मी घरी बसून एक छान अँटेना बनवला, छत्रीच्या काड्यांचा, आणि आज साडेतीनला काम संपवून तिकडे गेले.

दोघं दोन खुर्च्यांवर बसले होते. खोका बंद होता. मी म्हणाले, "काका, हा बसवून देते. मग कुठलाही तुकडा जाणार नाही, आणि ताईंना दर गुरुवारी फेरी नको."

"नको," दोघं एकदम म्हणाले.

मी समजावलं की त्रास काही नाही, दोन स्क्रू आहेत. काका म्हणाले, "मुली, तुझं काम उत्तम आहे. मी जन्मभर चुका शोधल्या, मला तुझ्यात सापडली नाही. पण भिंतीला भोकं नकोत." ताई म्हणाल्या, "आणि माझं चालणं होतं." मग त्या माझ्याकडे बघून इतकं गोड हसल्या की मी पुढे काही बोललेच नाही. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तूची भीती वाटते, ते बरोबरच आहे.

चहा घेतला आणि निघाले. जिन्यात बूट घालताना आतून ताईंचा आवाज आला. वाचनाचा नाही. काहीतरी सांगत होत्या, मध्येच अडखळत, मध्येच हसत, एक शब्द विसरून "ते हे हो आपलं" म्हणत. काका मध्ये एकदाही टोकत नव्हते.

माझ्याकडे अकरा वर्षांची सगळी रेकॉर्डिंग आहेत. हा आवाज त्यातल्या एकाही तुकड्यात नाही. मी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.